चित्रांची बखर

गेल्या मार्गशीर्षात चुलतभावाच्या मुलीचं लग्न ठरलं. सोयरे इचलकरंजीचे. "बस्ता गांधीनगरला बांधू, लक्ष्मी रोडला कशाला पैसे घालवता?" असं विहीणबाई फोनवर म्हणाल्या आणि आमची मंडळी दोन गाड्या भरून घोटावड्याहून कोल्हापूरला निघाली. बस्ता ज्यांनी बांधलाय त्यांना सांगायला नको. बायका गादीवर बसतात, समोर साड्यांचा डोंगर होतो, आणि पुरुषांना दोनच कामं उरतात: चहा पिणं आणि मान डोलावणं. तासाभरात माझा चौथा चहा झाला. मग मी उठून दुकानाच्या मालकांच्या वडिलांजवळ जाऊन बसलो. गल्ल्यामागे एका खुर्चीत ते शांत बसून होते. ऐंशीच्या पुढचे, सिंधी, पण मराठी अगदी कोल्हापुरी वळणाचं.

"हे सगळं गाव तुमच्या लोकांनीच वसवलं ना?" मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

"वसवलं कुठलं? आम्हाला बसलेलंच मिळालं," ते म्हणाले. "आमच्या आधी इथं पोलंडचे लोक होते. ते गेले, आम्ही आलो. त्यांच्याच बराकीत."

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. ते लहान होते. सिंधमधून निघून, कुठल्या कुठल्या छावण्यांत राहून त्यांचे वडील कुटुंबाला घेऊन इथे आले. वाट्याला बराकीतली एक खोली आली. त्या खोलीच्या दाराला आतल्या बाजूने कुणीतरी पेन्सिलीने एक घर काढून ठेवलं होतं. उतरतं छप्पर, धुराडं, त्यातून निघणारा धूर, शेजारी एक झाड. बस्, एवढंच. "आईनं दार रंगवू दिलं नाही बरीच वर्षं," ते म्हणाले. "म्हणायची, कुणाचं तरी घर आहे ते. आपण आपलं काढलं नाही, निदान यांचं तरी राहू दे."

पुढे ते दार गेलं, बराकही गेली. तिथे आता तीन मजली दुकान आहे.

साड्या घेऊन झाल्या. परतीच्या वाटेवर सगळे झोपले होते आणि माझ्या डोक्यात ते दार होतं. "आपण आपलं काढलं नाही" हे वाक्य मला का लागलं, ते शेवटी सांगतो. आधी त्या पोलंडच्या लोकांबद्दल. घरी आल्यावर जमेल तेवढं वाचलं. आपल्याकडे कोल्हापूरच्या बाहेर हे फारसं कुणाला माहीत नसतं. मलाही नव्हतं.

सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनीने पश्चिमेकडून आणि सोव्हिएत रशियाने पूर्वेकडून पोलंड गिळला. पूर्वेकडच्या भागातून १० फेब्रुवारी १९४० पासून रशियनांनी लोकांना घराबाहेर काढायला सुरुवात केली. रात्री दार वाजायचं, थोडा वेळ मिळायचा, जे हाताला लागेल ते बांधायचं आणि मालगाडीत बसायचं. कुणी सैबेरियाच्या जंगलात लाकडं तोडायला, कुणी कझाकस्तानच्या माळावर. जून १९४१ मध्ये हिटलरने रशियावरच हल्ला केला तेव्हा चित्र पालटलं. जुलैअखेरीस लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारचा आणि रशियाचा करार झाला, या लोकांना सोडायचं ठरलं, आणि जनरल आंदेर्स यांच्या हाताखाली पोलिश फौज उभी राहू लागली. १९४२ मध्ये ही फौज रशियातून इराणमध्ये आली. तिच्या मागोमाग हजारो बायका आणि मुलंही आली. उपाशी, टायफसने खंगलेली, कित्येक तर आईबाप वाटेत हरवलेली.

फौज लढायला जाणार. या बायकामुलांचं काय करायचं? इराणमधून काही आफ्रिकेत गेली, काही मेक्सिकोत, काही न्यूझीलंडमध्ये. आणि काही हिंदुस्थानात. त्यातली नवानगरच्या जामसाहेबांची गोष्ट बऱ्याच जणांना ऐकून माहीत असेल. दिग्विजयसिंहजींनी जामनगरजवळ बालाचडीला पोलिश मुलांसाठी छावणी उभी केली. त्यांच्या नावाची शाळा वॉर्सात आहे. पण हिंदुस्थानातली सगळ्यात मोठी पोलिश वस्ती होती ती आपल्या कोल्हापूरजवळ, वळिवड्याला. १९४३ मध्ये ती सुरू झाली आणि १९४८ पर्यंत चालली. माणसं सुमारे ५,०००, त्यांत बायका आणि मुलंच जास्त. बालाचडीची छावणी १९४६ मध्ये मोडली तेव्हा तिथली उरलेली मुलंही वळिवड्यालाच आली.

छावणी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तंबू येतात. पण वळिवड्याला लांबच लांब बराकी होत्या, त्यांत कुटुंबागणिक खोल्या होत्या. शाळा होत्या, पार मॅट्रिकच्या पुढपर्यंत. चर्च, दवाखाना, वाचनालय, नाटकाचा रंगमंच, सगळं होतं. खोल्यांपुढे बायकांनी फुलझाडं लावली. आसपासच्या गावांतले भाजीवाले, दूधवाले, अंडीवाले रोज तिथे जायचे आणि धंद्यापुरतं पोलिश बोलायला शिकले होते, असं जुने लोक सांगतात. पोटाचा प्रश्न असला की भाषा पटकन येते. अशक्त मुलांना हवापालटासाठी पाचगणीला पाठवायचे. एकूण काय, घरापासून हजारो मैलांवर, पंचगंगेच्या खोऱ्यात, उसाच्या फडांशेजारी एक छोटं पोलंड पाच वर्षं नांदत होतं.

या छोट्या पोलंडात तरुण पोरांना धरून ठेवणारी एक मोठी गोष्ट होती, ती म्हणजे स्काउट. आपल्याकडे स्काउट म्हणजे शाळेतला खाकी गणवेश, शिट्टी आणि गाठी मारणं. पोलंडमध्ये तसं नव्हतं. तिथली स्काउट चळवळ १९१० च्या सुमारास सुरू झाली तेव्हा पोलंड नावाचा देशच नकाशावर नव्हता. तो रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने वाटून घेतला होता. त्यामुळे तंबू ठोकायला शिकणं आणि देश उभा करायला शिकणं, हे त्यांच्या लेखी एकच होतं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी स्काउटवर बंदी घातली तेव्हा ही पोरं भूमिगत झाली. १९४४ च्या ऑगस्टमध्ये वॉर्साने उठाव केला तेव्हा दहा-पंधरा वर्षांच्या स्काउट मुलांनी गोळीबारातून, पडक्या भिंतींच्या आडून आणि तळघरांतून पत्रं पोचवली. टपालखातं कोसळलं होतं, म्हणून पोरांनीच ते चालवलं.

वळिवड्याच्या स्काउट पथकांची घडी बसवणाऱ्यांमध्ये झ्जिस्वाव पेश्कोव्स्की नावाचा एक तरुण अधिकारी होता. १९४० च्या वसंतात रशियनांनी कातिन आणि इतर ठिकाणी मिळून सुमारे २२,००० पोलिश अधिकारी आणि इतर कैदी गोळ्या घालून मारले. हा माणूस त्याच कैद्यांपैकी एका छावणीत होता आणि जे थोडे वाचले त्यांतला एक होता. पुढे तो धर्मगुरू झाला आणि २००७ मध्ये वारला. आयुष्याचा उत्तरार्ध त्याने कातिनमध्ये मारल्या गेलेल्यांच्या कुटुंबांसाठी घालवला. आपल्या बरोबरीचे हजारो जण ज्याने गमावले, तो माणूस कोल्हापूरच्या उन्हात पोरांना शेकोटी कशी रचायची ते शिकवत होता. मला तर विचार करूनच कसंतरी होतं.

आता मुद्द्यावर येतो. पोलिश स्काउट पथकांत एक रीत आहे. प्रत्येक पथक एक वही ठेवतं. तिला ते 'क्रोनिका' म्हणतात. कुठे तळ पडला, कोण आजारी पडलं, कुठलं गाणं म्हटलं, सगळं तिच्यात लिहायचं. पण नुसतं लिहायचं नाही, काढायचंही. तंबूचं चित्र, वाटेत लागलेल्या पुलाचं चित्र, स्वयंपाकात मीठ जास्त घालणाऱ्याचं अर्कचित्र, वाळलेलं पान डकवलेलं. चित्र चांगलं यायलाच हवं अशी अट नाही. ज्याला जसं येईल तसं त्याने काढायचं.

आपल्याकडे याला एक छान शब्द आहे: बखर. फक्त आपल्या बखरी राजांच्या आणि लढायांच्या. पोरांनी स्वतःची बखर ठेवायची, आणि तीही चित्रांची, ही कल्पना मला फार आवडली.

आणि गंमत बघा. त्याच काळात एक पोलिश चित्रकार नेमकं हेच करत जगभर फिरत होता, मोठ्या प्रमाणावर. त्याचं नाव फेलिक्स टोपोल्स्की. जन्म १९०७, वॉर्साचा. १९३५ मध्ये पंचम जॉर्जच्या रौप्यमहोत्सवाची चित्रं काढायला इंग्लंडला आला आणि तिथेच राहिला. युद्ध सुरू झाल्यावर त्याच्या हातात बंदुकीऐवजी कागदच राहिला. लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा त्याने लंडन काढलं. गोठलेल्या समुद्रातून रशियाला मदत नेणाऱ्या जहाजावर बसून तो रशियाला जाऊन आला. १९४४ मध्ये इजिप्त, पूर्व आफ्रिका, पॅलेस्टाईन, इराक करत तो हिंदुस्थानात आला, इथून ब्रह्मदेशच्या आघाडीवर आणि चीनलाही गेला. शेवटी इटली आणि हरलेला जर्मनी. बेर्गेन-बेल्झनची छळछावणी त्याने काढली, न्यूरेंबर्गचा खटलाही काढला. त्या दोन वर्षांच्या प्रवासाची चित्रं १९४६ मध्ये 'थ्री कॉन्टिनेंट्स' या नावाने पुस्तकरूपात आली.

टोपोल्स्कीची चित्रं पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला ती अपुरी वाटली. गुंतलेल्या, भिरभिरणाऱ्या रेषा, जणू कुणी घाईघाईत दोऱ्याचा गुंडा सोडलाय. थोडा वेळ बघत राहिलं की त्या गुंत्यातून माणसं वर येतात. एखादा शिपाई, एखादी बाई, घोड्याची मान. हा माणूस उभ्याउभ्या काढायचा. समोरचं हलायच्या आत कागदावर आलं पाहिजे. म्हणून त्यात नटवेपणा नाही.

१९५३ पासून त्याने स्वतःचंच एक पत्र छापायला सुरुवात केली. खरखरीत, तपकिरी, स्वस्तातल्या कागदावर छापलेली चित्रं, वर्गणीदारांना पाठवायची. राणी एलिझाबेथच्या राज्यारोहणापासून रस्त्यावरच्या निदर्शनांपर्यंत, डोळ्यांना दिसलं ते त्यात येई. १९७९ पर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षं, हे चाललं. त्या पत्राचं नाव होतं 'टोपोल्स्कीज क्रॉनिकल'. पुन्हा तीच बखर! त्याच्या नावाची ही वही स्काउटांच्या वहीवरून आली असं माझं म्हणणं नाही. पण ज्या देशाचा नकाशा दर पन्नास वर्षांनी कुणीतरी खोडून टाकतं, तिथल्या माणसाला दिसेल ते कागदावर उतरवून ठेवायची सवय लागली, यात नवल नाही.

१९४५ च्या फेब्रुवारीत याल्टाला तीन मोठे पुढारी बसले आणि पोलंडची पूर्वेकडची जमीन रशियाकडेच राहील असं ठरलं. जुलैमध्ये ब्रिटनने लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. वळिवड्यातल्या बहुतेक लोकांची गावं त्याच पूर्वेकडच्या भागातली होती. म्हणजे युद्ध संपलं, आपली बाजू जिंकली, आणि घर मात्र गेलं. गाव जागेवरच होतं, पण ते आता दुसऱ्या देशात होतं. दारावर घर काढणारं ते पोर कोण होतं मला कळणार नाही. पण ते कशासाठी काढलं असेल, ते मला आता जरा कळतं.

इकडे ही पोरं उद्या कुठे जायचं या विवंचनेत होती तेव्हा, ऑगस्ट १९४७ मध्ये, फ्रान्समध्ये सीन नदीच्या वळणावर मॉइसाँ या गावी स्काउटांचा जागतिक मेळावा भरला. १९३७ नंतर दहा वर्षांनी भरलेला, युद्धानंतरचा पहिला. त्याचं नावच 'शांततेचा मेळावा' होतं. सुमारे २४,००० मुलं जमली होती. तळ एवढा मोठा की आत छोटी आगगाडी चालवावी लागली. तीन वर्षांपूर्वी याच नदीकाठाने रणगाडे गेले होते. आणि या मेळाव्यात हिंदुस्थानची मुलंही होती. ती घरून निघाली तेव्हा एका देशाची होती. मेळावा चालू असतानाच १४ आणि १५ ऑगस्ट उजाडले, आणि तंबूत झोपलेली पोरं उठली तेव्हा दोन देशांची झाली होती. तिथे दोन नवे झेंडे चढले. पाकिस्तानातले जुने स्काउट आपल्या झेंड्याची ही गोष्ट अजून सांगतात म्हणे.

आता हे सगळं एकत्र डोळ्यांसमोर आणा. मॉइसाँला पोरं नवे झेंडे चढवताहेत. सिंधमध्ये एक कुटुंब सामान बांधायच्या तयारीत आहे. आणि वळिवड्याला पोलिश कुटुंबं इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, जिथे घेतील तिथे जायला अर्ज भरताहेत. १९४८ मध्ये ती गेली. त्यांच्या रिकाम्या खोल्यांत सिंधी निर्वासित आले, आणि वळिवड्याच्या छावणीचं गांधीनगर झालं. एका फाळणीचे लोक गेले, दुसऱ्या फाळणीचे आले. दार तेच.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण चित्राने काय होऊ शकतं हे मला तिच्यातून कळलं. १९४४ चा उठाव मोडल्यावर जर्मनांनी वॉर्सा घर मोजून मोजून पाडलं. जुनं गाव म्हणजे विटांचा ढीग झाला होता. युद्धानंतर पोलिश लोकांनी ठरवलं की ते होतं तसं पुन्हा बांधायचं. पण होतं कसं? तिथे चित्रं कामाला आली. एक म्हणजे बेलोत्तो नावाच्या इटालियन चित्रकाराने १७७० च्या दशकात राजासाठी काढलेली शहराची चित्रं. आणि दुसरं, युद्धाआधी आणि युद्ध चालू असताना वास्तुशास्त्राच्या शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी जुन्या इमारतींची मापं घेऊन काढलेले आराखडे. जर्मनांच्या नाकाखालून ते कागद शहराबाहेर नेले आणि एका मठात लपवून ठेवले. त्या कागदांवरून जुनं वॉर्सा पुन्हा उभं राहिलं. १९८० मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. वास्तविक तो सगळा नवा माल! पण मान जुन्याचा मिळाला, कारण कुणीतरी वेळेवर काढून ठेवलं होतं.

१९५५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये त्याच वॉर्सात जगभरच्या तरुणांचा महोत्सव भरला. शंभरावर देशांतून हजारो तरुण आले, त्यांत आपलेही होते. पोलिश चित्रकारांना शहर सजवायला सांगितलं होतं. वोइचेख फांगोरसारख्या तरुण चित्रकारांनी धुळकट, अर्धवट बांधलेल्या रस्त्यांवर रंग आणले. त्याच उन्हाळ्यात तरुण चित्रकारांचं एक मोठं प्रदर्शन जुन्या शस्त्रागाराच्या इमारतीत भरलं. युद्धाच्या विरोधातली चित्रं होती, पण सरकारी साच्यात न बसणारी. पोलंडच्या कलेत तेव्हापासून हवा बदलली असं मानतात. वळिवड्याची पोरं तेव्हा विशी-पंचविशीची झाली होती. ती लंडनला, मेलबर्नला कारखान्यांत आणि शाळांत कामाला लागली होती. महोत्सव त्यांच्या देशात होता, पण त्यांची गावं त्या देशात राहिली नव्हती. त्यांच्यासाठी वॉर्साने कितीही झेंडे लावले तरी त्यांचं घर त्यांच्या वहीतच होतं.

या लोकांनी वळिवडं विसरलं नाही. 'भारतातील पोलिश लोकांची' त्यांनी संघटना केली, आठवणी आणि कागदपत्रं गोळा करून जाडजूड पुस्तक काढलं. १९९८ मध्ये कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांनी एक स्मारक उभारलं. २०१९ मध्ये वळिवड्यालाही स्मृतिस्तंभ झाला. वॉर्सात कोल्हापूरचं नाव कोरलेलं स्मारक आहे, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी तिथे फुलं वाहिली तेव्हा कुठे आमच्यासारख्यांच्या टीव्हीवर वळिवडं आलं. पाच वर्षं राहिलेल्या जागेसाठी एवढं.

आता आपल्याबद्दल. इथून पुढचं मुख्यतः घरच्यांसाठी आहे, बाकीच्यांनी वाचलं तरी चालेल.

आमच्या आजीचं माहेर मुळशी धरणात गेलं, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. माहीत आहे म्हणजे एवढं एकच वाक्य माहीत आहे. टाटांच्या कंपनीने मुंबईला वीज द्यायला मुळशीच्या खोऱ्यात धरण बांधायला घेतलं. १९२१ च्या रामनवमीला शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. जान किंवा जमीन, असं म्हणत बायका बांधावर बसल्या. पांडुरंग महादेव बापट याच सत्याग्रहात सेनापती झाले आणि तुरुंगात गेले. तीनेक वर्षं लढा चालला, मग मोडला. धरण झालं. पन्नासच्या आसपास गावांना त्याची झळ बसली. आंबेमोहोराची खाचरं पाण्याखाली गेली. आजी तेव्हा सात-आठ वर्षांची होती. पुढे लग्न होऊन ती घोटावड्यात आली आणि १९९४ मध्ये गेली. ती असेपर्यंत मी तिला एकदाही विचारलं नाही की तुझं घर कुठल्या दिशेला तोंड करून होतं.

भावाच्या नातीला शाळेत प्रकल्प होता, 'माझ्या घराण्याचं मूळ गाव'. तिने मला विचारलं, "आजोबा, पणजीच्या गावाचा फोटो आहे का?" नाही. "मग चित्र?" तेही नाही. तिने शेवटी इंटरनेटवरून मुळशी धरणाचा फोटो छापून चिकटवला. छान निळं पाणी, हिरवे डोंगर, खाली कुठल्या तरी रिसॉर्टचं नाव. बाईंनी 'उत्तम' शेरा दिला. मला मात्र ते पान बघवलं नाही. ज्या पाण्याखाली गाव गेलं, तेच गावाचं चित्र म्हणून लागलं होतं.

"आपण आपलं काढलं नाही," हे मला गांधीनगरात लागलं ते म्हणून.

कोल्हापूरहून आल्यावर चार दिवसांनी एक चित्रकलेची वही आणि दोन पेन्सिली घेऊन आत्याकडे गेलो. आत्या आता पंच्याऐंशीची. तिने ते गाव पाहिलेलं नाही, पण आईच्या तोंडून ते इतक्यांदा ऐकलंय की पाहिल्यासारखंच. मी म्हटलं, "आत्या, आजीचं गाव काढायचंय."

"काढायचंय म्हंजी? पाण्यातनं?" तिने विचारलं.

"कागदावर."

ती हसली. मग म्हणाली, "मला काय चित्र काढता येतं व्हय? मी सांगते, तू काढ." मलाही येत नाही. पण ती सांगत गेली आणि मी रेघा मारत गेलो. नदी इकडून तिकडे. नाही, उलट. खोड. देऊळ नदीच्या अलीकडे, पायऱ्या पाण्यात उतरणाऱ्या. आजीचं घर देवळापासून हाकेच्या अंतरावर, पुढे पडवी, पडवीत उखळ. "उखळ मोठं काढ, आई त्याच्यावर बसायची." मी मोठं काढलं. आता ते घरापेक्षा मोठं झालंय. मागे फणस, एकच. वरच्या अंगाला भाताची खाचरं, त्यांचा आकार तिने बोटाने हवेत दाखवला आणि मी तसाच काढला. मध्येच ती थांबली. "आई म्हणायची, निघायच्या दिवशी आज्याने दाराची फळी काढून बैलगाडीत घातली. घर बुडू दे, दार नाही म्हणाला." हे मी पहिल्यांदाच ऐकलं. इतकी वर्षं शेजारी राहून पहिल्यांदाच.

मग मी विचारलं, "ते दार कुठं गेलं?"

"गोठ्याला लावलं होतं की. तू लहान असताना त्याच्यावर लोंबकळायचास. मोडलं तेव्हा चुलीत घातलं."

काय बोलणार? मी त्या वहीत, घराला, दार जरा ठसठशीत काढलं. एवढंच माझ्या हातात होतं.

चित्र अगदी सामान्य आहे. प्रमाण चुकलंय, फणस छत्रीसारखा दिसतोय, आणि देवळाचा कळस मी माझ्या मनाने काढला म्हणून आत्याने तो खोडायला लावला. पण त्यात एक गाव आहे. ते पान भरून झालं तेव्हा आत्या बराच वेळ त्याच्याकडे बघत होती. मग म्हणाली, "पाणी कुठंपर्यंत आलं ते काढू नगंस. ऱ्हाऊ दे कोरडं."

तर घरच्यांनो, विनंती अशी. वही आत्याकडेच ठेवली आहे. पुढच्या वेळी घोटावड्याला याल तेव्हा तासभर तिच्याजवळ बसा आणि एखादं पान भरा. पिरंगुटचा जुना बाजार, रस्ता रुंद व्हायच्या आधीचा घोटावडे फाटा, कंपन्या आल्या नव्हत्या तेव्हाची आपली खाचरं, आजोबांची सायकल. जसं येईल तसं. माणच्या बाजूने हिंजवडी दर वर्षी थोडी पुढे सरकते आहे. या वेळी पाणी नाही, सिमेंट आहे, एवढाच फरक. आपलं गाव अजून जागेवर आहे तोवर काढायला सोपं आहे, समोर बघून काढता येईल.

परवा त्या नातीने फोन केला. तिला आता प्रकल्पातलं ते निळं पान बदलायचंय. मी म्हटलं, मार्क तर मिळून गेले, आता कशाला? तर म्हणाली, "मार्कांसाठी नाही."

मे महिन्याच्या सुट्टीत ती येणार आहे. रंगपेटी तिचीच आणेल म्हणाली.